लाल सिग्नल नसलेले यंत्र



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी इतिहासावर एखादा लेख असतोच. कधी किल्ल्यांवर, कधी नर्मदेकाठच्या मराठी घराण्यांवर, कधी संतांवर. यंदा आपल्या कार्यवाहांनी मला गाठले आणि म्हणाले, "तुम्ही रेल्वेतले, तेव्हा रेल्वेच्या इतिहासावर काहीतरी द्या." रेल्वेचा इतिहास मी देणार आहेच, पण थोड्या वेगळ्या वाटेने. यंदाचा माझा विषय आहे यंत्रांनी दिलेली चुकीची उत्तरे. आज घराघरांत मुले, सुना, आणि आता तर आजी-आजोबासुद्धा मोबाईलवरच्या चॅटबॉटला प्रश्न विचारतात. उत्तर तत्काळ येते, छान भाषेत येते, आणि पुष्कळदा चुकीचे असते. हे असे का होते आणि यापूर्वी असे कधी झाले होते का, याचा थोडा मागोवा घ्यावा असे वाटले.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलो आणि वीस वर्षांहून अधिक काळ तिथेच आहे. पण आमच्या खात्याचे सगळे काम मुळात एकाच प्रश्नाचे उत्तर देण्याचे आहे : पुढची लाईन मोकळी आहे का? या एका प्रश्नाचे खोटे उत्तर गेले तर काय होते, हे रेल्वेने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. म्हणून हा विषय मला परका वाटला नाही.

चुकीची माहिती काही आजची नाही

सुरुवात आपल्या जबलपूरपासूनच करू. अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे १८६७ साली जबलपूरला पोचली होती. मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इटारसीमार्गे मार्च १८७० मध्ये इथे येऊन तिला मिळाली. त्या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. तेव्हापासून मुंबई ते कलकत्ता हा प्रवास सलग रेल्वेने होऊ लागला. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा, खापरपणजोबा पुढे याच मार्गाने या प्रांतात आले.

आता गंमत पाहा. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ८० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या गृहस्थाची कादंबरी १८७२ साली पॅरिसच्या वर्तमानपत्रात क्रमशः छापून आली. तिचा नायक फिलीअस फॉग मुंबईत गाडीत बसतो, कारण मुंबई-कलकत्ता लोहमार्ग पूर्ण झाल्याचे वर्तमानपत्रांनी छापलेले असते. वाटेत एका खेड्याशी गाडी थांबते आणि गार्ड सांगतो, पुढे रूळच नाहीत! मग फॉगसाहेबांना पुढच्या प्रवासासाठी हत्ती विकत घ्यावा लागतो. म्हणजे कथेत वर्तमानपत्रे चुकली. पण प्रत्यक्षात कथा ज्या साली घडते त्याच्या दोन वर्षे आधीच हा मार्ग पूर्ण झालेला होता. कथेतली वर्तमानपत्रे खरी होती आणि कथाच चुकली होती! कादंबरीत हे चालते, कारण ती कादंबरी आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. अडचण येते ती कादंबरी आणि वेळापत्रक एकाच आवाजात बोलू लागले की.

बॅबेजसाहेबांना पडलेला प्रश्न

गणकयंत्राचा जन्मच मुळी चुकीच्या उत्तरांतून झाला. १८२१ साली लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज आणि त्यांचे मित्र जॉन हर्शेल खगोलशास्त्राची कोष्टके तपासत बसले होते. ती माणसांनी हाताने केलेली होती आणि चुकांनी भरलेली होती. हे गणित वाफेच्या शक्तीवर करता आले तर किती बरे होईल, असे बॅबेज वैतागून म्हणाले, अशी हकीकत सांगितली जाते. त्यातूनच त्यांच्या डिफरन्स इंजिनाची कल्पना निघाली. वाफेच्या इंजिनाचे आणि गणकयंत्राचे असे जुने नाते आहे.

बॅबेज यांनी १८६४ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत ते सांगतात की ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदांनी त्यांना दोन वेळा एक प्रश्न विचारला : यंत्रात चुकीचे आकडे घातले तरी उत्तर बरोबर येईल का? असा प्रश्न कोणाच्या डोक्यात येऊ तरी कसा शकतो, याचे त्यांना आश्चर्य वाटले. त्यावर आपण हसतो. पण तो प्रश्न आजही जिवंत आहे. इंटरनेटवरचा खरा-खोटा, थट्टेचा, अर्धवट असा सगळा मजकूर यंत्रात ओतायचा आणि बाहेर शुद्ध ज्ञान यावे अशी अपेक्षा ठेवायची, हे त्या सभासदांच्या प्रश्नापेक्षा फार वेगळे नाही.

सिग्नल खोटे बोलला तेव्हा

आता आमच्या खात्याकडे वळतो. आगगाड्या सुरू झाल्या तेव्हा एकामागून एक गाड्या सोडण्याची रीत अगदी साधी होती. पहिली गाडी गेली की ठरावीक मिनिटे थांबायचे आणि दुसरी सोडायची. इतक्या वेळात पहिली पुढे गेलीच असेल, असा हिशेब. याला टाइम इंटरव्हल पद्धत म्हणत. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबर ठरे. पण तो अंदाज होता, माहिती नव्हती.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये अर्माघजवळ सहलीला निघालेली, मुलाबाळांनी भरलेली एक गाडी चढावर अडकली. गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा मागचे डबे उतारावरून मागे घसरू लागले. मागून ठरावीक अंतराने सोडलेली दुसरी गाडी येतच होती. तिच्यावर ते जाऊन आदळले. सुमारे ८० माणसे गेली, त्यांत मुले फार होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून सबंध गाडीला लागणारे आपोआप ब्रेक, इंटरलॉकिंग आणि ॲब्सोल्यूट ब्लॉक पद्धत प्रवासी रेल्वेला सक्तीची केली. ब्लॉक पद्धतीचा अर्थ इतकाच की "गेली असेल" यावर गाडी सोडायची नाही. पुढच्या स्टेशनाला विचारायचे, त्याने लाईन क्लिअर दिली तरच सोडायची.

त्याआधीची एक घटना मला याहूनही बोलकी वाटते. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन इथे जबर हिमवर्षाव चालू होता. त्या काळी तिथल्या सिग्नलचा हात एरवी 'मोकळे' याच स्थितीत असे, आणि धोका असेल तेव्हाच तो आडवा करत. हात खांबाच्या खाचेत बसलेला असे. त्या दिवशी खाचेत बर्फ गोठले आणि हात तसाच अडकून राहिला. केबिनमधून सिग्नलमनने लिव्हर ओढून 'धोका' दिला, पण खांबावर 'मोकळे'च दिसत राहिले. समोर कोळशाची मालगाडी साइडिंगमध्ये घेणे चालू असताना स्कॉटलंडकडून आलेली एक्सप्रेस तिच्यावर आदळली, आणि थोड्याच वेळात समोरून आलेली दुसरी एक्सप्रेस त्या अवशेषांवर आदळली.

ड्रायव्हरचे काही चुकले नव्हते. त्याने सिग्नल पाहिला आणि सिग्नलवर विश्वास ठेवला. सिग्नल बिघडला होता, पण बिघडलेला दिसत नव्हता. तो नेहमीइतक्याच ठामपणे 'या' म्हणत होता. आमच्या भाषेत याला राँग साइड फेल्युअर म्हणतात. बिघाड झाला आणि सिग्नल लाल झाला, गाडी अर्धा तास रखडली, लोकांनी शिव्या दिल्या, तर तो राइट साइड फेल्युअर. त्याने फार तर खुलासा लिहून द्यावा लागतो. पण बिघाड होऊनही सिग्नल हिरवाच राहिला, तर त्याच्याइतका मोठा गुन्हा आमच्या खात्यात नाही.

ॲबट्स रिप्टननंतर नियम उलटा झाला. सिग्नलची नेहमीची स्थिती 'धोका' ठरली. तार तुटली तर वजनाने हात आपोआप आडवा व्हावा, अशी रचना सर्वत्र रूढ झाली. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले होते. त्यात रुळांतून सतत वीज वाहते आणि तिच्या जोरावर रिले उचललेला राहतो. गाडीची चाके रुळांवर आली की वीज चाकांतून वळते, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. पण त्यातली खरी हुशारी पुढेच आहे. बॅटरी संपली, वायर तुटली, रूळ तडकला, तरीही रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. म्हणजे यंत्राला कळत नसेल तेव्हा ते "मला माहीत नाही" असे म्हणते, आणि "माहीत नाही" याचा अर्थ "थांबा" असा घेतला जातो.

याचा अर्थ आमची यंत्रे कधी चुकत नाहीत असा नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाईनचा सिग्नल मिळाला होता आणि सांधे मात्र लूप लाईनकडे वळलेले होते. तिथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक लोक गेले. सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या फेरबदलांतल्या त्रुटी हे कारण चौकशीत पुढे आले. इतक्या वर्षांची शिस्त असूनही जोडणी चुकली आणि तपासणी राहिली, तर यंत्र हिरवे खोटे बोलू शकते. मग जिथे अशी शिस्त अजून बसलेलीच नाही, त्या यंत्राची काय कथा!

बोलणारी यंत्रे

ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली यंत्र विचार करू शकेल काय, यावर एक निबंध लिहिला. त्यात नमुन्यादाखल माणूस आणि यंत्र यांच्यातली काल्पनिक प्रश्नोत्तरे आहेत. एका प्रश्नात ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली आहे. यंत्र सुमारे ३० सेकंद थांबून उत्तर देते १०५६२१. वाचकांनी करून पाहावी, बरोबर उत्तर १०५७२१ आहे! माणसासारखे भासायचे तर यंत्राने माणसासारखे चुकलेही पाहिजे, म्हणून ही चूक मुद्दाम घातली असे पुष्कळ जण मानतात. पण योगायोग असा की बोलणाऱ्या यंत्राच्या पहिल्याच मोठ्या निबंधात यंत्राचे उत्तर चुकीचे आहे, आणि ते बिनदिक्कत दिलेले आहे.

१९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाच्या प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. तो मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करी. तुम्ही टाइप केलेले वाक्यच थोडे फिरवून तो प्रश्न म्हणून परत टाकी. त्याला काहीही समजत नव्हते. तरीही लोक त्याच्याशी मन मोकळे करू लागले. खुद्द वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने, तो प्रोग्रॅम कसा बनला हे पाहिलेले असूनही, त्याच्याशी बोलताना साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितले. या अनुभवाने ते इतके अस्वस्थ झाले की पुढे १९७६ साली त्यांनी संगणकावरच्या आंधळ्या विश्वासाविरुद्ध सबंध पुस्तक लिहिले. यंत्र नीट बोलते म्हणजे त्याला समजते, असे आपण आपोआप धरून चालतो. ही खोड यंत्राची नाही, आपली आहे.

आजच्या चॅटबॉटची मुळे दुसऱ्याच बाजूला आहेत. रशियन गणितज्ञ मार्कोव्ह यांनी १९१३ साली पुश्किनच्या एका काव्यातली २०,००० अक्षरे मोजून, एका अक्षरानंतर कोणत्या प्रकारचे अक्षर येण्याचा संभव किती, याचा हिशेब मांडला. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी तोच विचार इंग्रजी शब्दांना लावला. २०१७ साली गूगलमधल्या आठ संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली. त्यांत पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेल्या निकी परमारही होत्या. प्रचंड मजकूर वाचवून यंत्राला "यापुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त" हे शिकवायचे, हा या सगळ्याचा पाया आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि हे यंत्र घराघरांत पोचले.

रेल्वेवाल्यांच्या लक्षात आले असेल. ही टाइम इंटरव्हल पद्धत आहे. "पुढचा शब्द हाच असेल" हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. पण पुढच्या स्टेशनाला कोणी विचारलेले नसते.

तीन वर्षांतली काही उदाहरणे

चॅटजीपीटी येण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी मेटा कंपनीने गॅलॅक्टिका नावाचे शास्त्रीय माहितीचे यंत्र खुले केले होते. ते शास्त्रीय थाटात खोटे लिहिते अशी टीका झाली आणि तीन दिवसांत मागे घ्यावे लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलने आपल्या बार्ड चॅटबॉटची जाहिरात केली. तीत बार्डने सांगितले की सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचे पहिले छायाचित्र जेम्स वेब दुर्बिणीने घेतले. प्रत्यक्षात ते २००४ साली चिलीतल्या युरोपीय दुर्बिणीने घेतले होते. त्या एका चुकीची बातमी झाली आणि एका दिवसात कंपनीच्या शेअरचे बाजारमूल्य सुमारे १०० अब्ज डॉलरने घसरले.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोर्टात एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी सहा जुन्या निकालांचे दाखले दिले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते, चॅटजीपीटीने रचले होते. विशेष म्हणजे वकिलाने त्याच यंत्राला "हा निकाल खरा आहे ना?" असेही विचारले होते आणि यंत्राने "हो" म्हटले होते. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या एका लवादाने एअर कॅनडाला जबाबदार धरले. आजी वारल्यावर प्रवास करणाऱ्या एका माणसाला कंपनीच्या चॅटबॉटने भाड्यातल्या सवलतीचा नियम चुकीचा सांगितला होता. चॅटबॉट हा स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला! लवादाने तो मानला नाही.

मे २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत शोधाच्या निकालांवर एआयचा सारांश दाखवायला सुरुवात केली. पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घाला, असा सल्ला त्याने दिला. तो कोणीतरी ११ वर्षांपूर्वी थट्टेत लिहिला होता. रोज एक लहान दगड खावा, हा सल्ला विनोदी मजकूर छापणाऱ्या 'द अनियन'मधून उचललेला होता. यंत्राने मूळ मजकूर शोधला होता, पण तो थट्टेचा आहे हे त्याला कळले नाही.

हे सारे परदेशात घडते असे समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या आयकराचा आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने त्यात अस्तित्वात नसलेले निकाल आधाराला घेतले होते. एआयच्या युगात यंत्राने दाखवलेले डोळे मिटून वापरू नका, आधी तपासा, असे न्यायालयाने बजावले. त्याआधी जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी एआय वापरण्याबाबत धोरणच जाहीर केले.

आणि सगळेच नुकसान पैशांत मोजता येत नाही. अमेरिकेत ६० वर्षांच्या एका गृहस्थाने चॅटबॉटशी सल्लामसलत करून जेवणातल्या मिठाऐवजी तीन महिने सोडियम ब्रोमाइड खाल्ले आणि विषबाधा होऊन तो भ्रमिष्ट अवस्थेत रुग्णालयात पोचला. ही हकीकत २०२५ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

लाल दिवा का नाही?

मार्च २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टो सेंटरने आठ एआय शोधसाधनांना बातम्यांतले उतारे देऊन, ते मुळात कुठे आले होते हे विचारले. ६० टक्क्यांहून अधिक उत्तरे चुकली. त्यांतला माझ्या डोक्यात बसलेला आकडा दुसराच आहे. चॅटजीपीटीने २०० पैकी १३४ लेखांची ओळख चुकीची सांगितली, पण आपल्याला खात्री नाही असे त्याने सगळ्या मिळून फक्त १५ वेळा सुचवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये बीबीसी आणि युरोपातल्या प्रसारण संस्थांनी १८ देशांत, १४ भाषांत, ३,००० हून अधिक उत्तरे तपासली. ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष निघाला.

चुकणे एक वेळ समजू शकते. पण चुकताना लाल दिवा का लागत नाही? सप्टेंबर २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्याच संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे आपल्या खात्यांतर्गत परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला कळेल. निगेटिव्ह मार्किंग नसलेल्या ऑब्जेक्टिव्ह पेपरात आपण काय करतो? येत नसलेल्या प्रश्नालाही खूण करतो. लागली तर लागली. या यंत्रांची परीक्षा अशाच पद्धतीने घेतली जाते. "माहीत नाही" म्हटले की शून्य, ठोकून दिले तर कदाचित गुण. मग यंत्र ठोकून द्यायलाच शिकते. थोडक्यात, ज्या रचनेत थांबण्याला किंमत नाही त्या रचनेत सिग्नल कायम हिरवाच राहणार. ॲबट्स रिप्टनच्या खाचेत बर्फ होते, इथे परीक्षेची पद्धत आहे. उपाय मात्र तोच दिसतो : खात्री नसेल तेव्हाची नेहमीची स्थिती 'धोका' ठरवणे. ते काम बनवणाऱ्यांचे आहे, आणि ते पूर्ण झालेले नाही.

आपल्या मंडळाची गोष्ट

आता घरची गोष्ट. गेल्या वर्षी आपल्या मंडळातल्या मुलांनी "आपल्या मंडळाचा इतिहास" असा फलक मंडपात लावायचे ठरवले. उत्साह मोठा होता, वेळ थोडा होता. त्यांनी चॅटबॉटला विचारले. दोन मिनिटांत पानभर मराठी मजकूर आला. संस्थापकांचे नाव होते, ते रेल्वेत कोणत्या हुद्द्यावर होते हे होते, आणि १९११ साली लोकमान्य टिळकांनी स्वतः येऊन पहिल्या उत्सवाचे उद्घाटन केले असेही होते. वाचून मुलांची छाती फुगली.

फलक रंगवायला देण्याआधी एका मुलीने तो मजकूर आपल्या आजोबांना दाखवला. हे आजोबा म्हणजे निवृत्त गार्ड, आपल्यापैकी बहुतेक जण त्यांना ओळखतात. त्यांनी चष्मा लावून वाचले आणि एवढेच म्हणाले, "बाळ, १९११ साली लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते गं!" लोकमान्यांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते १९१४ साली सुटले, हे आपल्या पिढीला शाळेत शिकवले होते. मग मंडळाच्या कपाटातल्या जुन्या इतिवृत्ताच्या वह्या आणि पावतीपुस्तके काढली. त्या संस्थापकांचे नाव कुठेच नव्हते. असा कोणी माणूस या मंडळात झालाच नव्हता.

मला या प्रसंगात दोन गोष्टी गंभीर वाटतात. पहिली, लोकमान्यांच्या बाबतीतली चूक पकडता आली, कारण लोकमान्यांचा इतिहास लिहिलेला आहे. पण यंत्राने साल १९१६ सांगितले असते तर? आपल्यापैकी किती जणांनी हरकत घेतली असती? दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. तो फलक लागला असता, त्याचा फोटो फिरला असता, या स्मरणिकेत मजकूर छापला गेला असता. उद्या ही स्मरणिका स्कॅन होऊन इंटरनेटवर गेली की यंत्र तीच वाचणार, आणि परवा कोणी विचारले तर आपल्याच स्मरणिकेचा आधार देऊन सांगणार. खोटे एकदा छापले गेले की ते पुरावा बनते. ज्यांनी खरोखर घरोघरी चार-चार आणे गोळा करून हा उत्सव उभा केला, त्यांच्या जागी एक न झालेला माणूस कायमचा जाऊन बसला असता.

आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे. पुण्या-मुंबईचा इतिहास लिहायला शेकडो माणसे आहेत. जबलपूर, इटारसी, बिलासपूर, झाशी इथल्या मराठी वस्त्यांचा इतिहास कोण लिहिणार? तो वह्यांत आहे आणि म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे. लिहिलेले जिथे थोडे, तिथे यंत्राकडे ज्ञान थोडे. आणि ज्ञान थोडे असले तरी त्याचे उत्तर मात्र आखूड होत नाही. रिकामी जागा ते शोभेल अशा काहीतरीने भरून टाकते.

मग करायचे काय?

यंत्र वापरूच नका असे मी म्हणणार नाही. अर्ज लिहायला, हिंदी-इंग्रजी पत्राचा मसुदा करायला, मुलांना गणिताची पायरी समजावायला ते उपयोगी आहे. पण रेल्वेच्या तीन सवयी इथेही लावाव्यात, असे सुचवतो.

पहिली सवय टोकनची. सिंगल लाईनवर ड्रायव्हर स्टेशन मास्तरांच्या शब्दावर गाडी काढत नसे, यंत्रातून निघालेला गोळा हातात आला तरच काढी. यंत्राच्या उत्तरातला मूळ आधार, म्हणजे पुस्तक, सरकारी आदेश, वर्तमानपत्र, स्वतः उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते उत्तर पुढे पाठवू नये. आधाराचे नुसते नाव दिलेले असणे म्हणजे टोकन नव्हे.

दुसरी सवय प्रायव्हेट नंबरची. दोन स्टेशन मास्तर एकमेकांना नंबर देऊन खात्री करतात. खात्री दुसऱ्याकडून करायची असते. न्यूयॉर्कच्या वकिलासारखे त्याच यंत्राला "खरे ना?" म्हणून विचारणे ही खात्री नव्हे.

तिसरी सवय, शंका असेल तर लाल. औषधाची मात्रा, कोर्टाचे काम, पैशाची गुंतवणूक, पेन्शनचे नियम इथे यंत्राचे उत्तर लाल समजावे आणि जाणत्या माणसाला विचारावे. गाडीची चौकशीसुद्धा १३९ वर करावी, चॅटबॉटकडे नव्हे.

आपल्या बाप्पाची कथा सर्वांना ठाऊक आहे. महाभारत लिहून घेण्यासाठी व्यासांनी गणपतीला विनंती केली. गणपती म्हणाले, माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. मग व्यास मधूनच एखादा अवघड श्लोक सांगत आणि बुद्धिदात्यालाही क्षणभर थांबून विचार करावा लागे. आजच्या यंत्राने पहिली अट पुरेपूर पाळली आहे. दुसरी अट त्याला कोणी घातलेलीच नाही. ती आपण स्वतःला घालून घ्यावी.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. पुढच्या स्मरणिकेत चार पाने मंडळाच्या इतिहासासाठी राखून ठेवावीत. ज्यांच्या घरी जुनी निमंत्रणे, पावत्या, फोटो, पत्रे असतील त्यांनी ती आणून द्यावीत. सत्तरीच्या पुढच्या काका-मावशींकडे मुलांनी वही-पेन घेऊन जावे आणि कोणी काय सांगितले, ते कोणत्या तारखेला सांगितले, हे नावानिशी लिहून घ्यावे. ज्या गोष्टीबद्दल दोघांचे म्हणणे जुळत नाही तिथे दोन्ही मते लिहावीत, आणि जे कोणालाच आठवत नाही तिथे "माहिती उपलब्ध नाही" असे स्वच्छ छापावे. ते तीन शब्द म्हणजे आपला लाल सिग्नल. आणि निवृत्त गार्ड आजोबांकडे सर्वांत आधी जावे. त्यांनी येण्याचे कबूल केले आहे, पण चहा आल्याचाच हवा अशी अट घातली आहे.

गणपती बाप्पा मोरया!